दुधाच्या खोक्यातला लाल ओक

मराठी घरात वाढलेल्या बऱ्याच जणांनी ओकची चव दात यायच्या आधीच घेतलेली असते. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग यांच्या जोडीला एक खडबडीत, करड्या गोट्यासारखा जिन्नस असतो. मायफळ, म्हणजेच माजूफळ. ते फळ नव्हेच. तुर्कस्तान-इराणकडच्या एका बुटक्या ओकच्या कोवळ्या डहाळीत चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते, आतल्या अळीभोवती झाड एक कठीण गाठ धरतं, आणि तीच गाठ आजी सहाणेवर दोन वळसे उगाळते. चव अशी तुरट की जीभ आक्रसते. तो तुरटपणा टॅनिनचा, आणि टॅनिन म्हणजे ओकच्या सगळ्या गोताची खूण.

एवढी ओळख सोडली तर ओक आपल्याला परकाच. हिमालयात तो 'बांज' या नावाने भेटतो, सह्याद्रीत मात्र त्याची एकही जात मूळची नाही. मुंबईतल्या एका बंगल्यामुळे बातम्यांत गाजलेला 'सिल्व्हर ओक' हा मुळात ओक नव्हे. ते ऑस्ट्रेलियातून आलेलं वेगळ्याच कुळातलं झाड, लाकडावरची नक्षी ओकसारखी म्हणून नाव तसं पडलं. आणि ओक या आडनावाचाही झाडाशी संबंध नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या ओकांना हे दर पार्टीत नव्याने समजावून सांगावं लागतं.

न्यू जर्सीचं नाव उगाच नाही घेतलं. लाल ओक हा 1950 पासून या राज्याचा राज्यवृक्ष आहे, आणि एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाच्या मागच्या अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला एखादा तरी असतोच. लिनियसने 1753 मध्ये त्याला 'क्वेर्कस रुब्रा' असं नाव दिलं. रुब्रा म्हणजे लाल. हाताच्या पंजाहून मोठं पान, दोन्ही कडांना कापलेले सात ते अकरा खंड, आणि प्रत्येक खंडाच्या टोकाला केसासारखी बारीक अणी. ही अणी महत्त्वाची. पांढऱ्या ओकच्या पानाचे खंड गोलसर असतात, त्यांना अणी नसते. पानं गळून गेली असतील तर साल पाहावी. वयात आलेल्या लाल ओकच्या खोडावर उभे, सपाट, चकचकीत पट्टे दिसतात, जणू कोणी वरून खाली इस्त्री फिरवली आहे.

दसऱ्याच्या सुमाराला त्याची फळं टपटपायला लागतात. एकॉर्न म्हणतात त्यांना. सुपारीएवढं गुळगुळीत तपकिरी फळ आणि डोक्यावर बशीसारखी चपटी टोपी. आमच्या शेजारच्या जुन्या ओकखाली गाडी लावली तर त्या दिवसांत टपावर ताशा वाजतो. पण आज पडलेलं फळ या वर्षीचं नसतं. एप्रिलच्या शेवटी ओकला पिवळसर तुरे लोंबतात, वाऱ्यावर पराग उडतो, गाड्यांवर पिवळी पूड साचते आणि अर्धं राज्य शिंकत बसतं. पराग मादी फुलावर पडतो खरा, पण फलधारणा होते ती त्याच्या पुढच्या वसंतात. फळ पिकायला सगळं मिळून दीड वर्ष लागतं. जुलै महिन्यात एखादी फांदी हातात धरून पाहा. शेंड्याकडच्या नव्या डहाळीवर मोहरीहून थोडे मोठे दाणे दिसतील आणि मागच्या वर्षीच्या जुन्या भागावर फुगत चाललेली हिरवी फळं. एकाच फांदीवर दोन वर्षांची पिढी. पांढऱ्या ओकचं फळ मात्र त्याच वर्षी पिकतं, पडतं आणि पडल्यावर लगेच मूळ सोडतं.

हा फरक खारींना पक्का ठाऊक असतो. पांढऱ्या ओकचं एकॉर्न त्या तिथेच खाऊन टाकतात, पुरायचंच झालं तर आधी त्याचा अंकुर कुरतडून काढतात, म्हणजे मातीत गेल्यावर ते उगवून वाया जाऊ नये. लाल ओकचं फळ हिवाळाभर झोपून राहतं, शिवाय टॅनिनने भरलेलं आणि कडू. म्हणून ते साठवणीत जातं. एक खार हंगामात शेकडो ठिकाणी एकेक फळ पुरते, त्यातली बरीच विसरते, काही वेळा स्वतःच ससाण्याच्या पोटात जाते. लाल ओकची बरीचशी लागवड अशी होते.

ओक दरवर्षी सारखी फळं धरत नाही. दोन ते पाच वर्षांतून एकदा आसपासचे सगळे ओक मिळून भरभरून धरतात, बाकीची वर्षं हात आखडता. खाणाऱ्यांची संख्या कमी ठेवायची आणि मग एकदम त्यांना पुरून उरेल एवढं द्यायचं, असा त्यामागचा हिशोब सांगितला जातो. त्याचे धागे आपल्यापर्यंतही येतात. भरघोस वर्षानंतर पांढऱ्या पायांचे उंदीर वाढतात, उंदरांवर पोसलेल्या गोचिडी त्यामागून वाढतात, आणि त्या गोचिडींमार्फत लाइम रोग पसरतो. म्हणजे एकॉर्नचा सडा पडला की त्यानंतरचे दोन उन्हाळे जंगलात फिरून आल्यावर पोटऱ्या नीट तपासायच्या.

आता लावण्याकडे येते. हे सगळं मी पुस्तकात वाचलं ते दोनदा तोंडावर आपटल्यानंतर.

पहिल्या वर्षी मी टोपलीभर एकॉर्न वेचले, दिसायला सुंदर म्हणून वाडग्यात घालून दिवाणखान्यात ठेवले आणि मार्चमध्ये पेरले. एकही उगवलं नाही. ज्याने आयुष्यात फणसाची आठळी किंवा आंब्याची कोय रुजवली आहे त्याला याचं कारण सांगायला नको. ज्वारी, मूग वाळवून डब्यात ठेवता येतात. आठळी वाळली की मेली. एकॉर्न आठळीच्या पंगतीतलं. त्याच्या आतला ओलावा गेला की आतलं रोप गेलं. कोकणात लहानपण गेलेल्या बाईला हे सुचू नये याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. अगदी पहिल्यांदा गळलेली फळं सोडून द्यायची, कारण त्यात बहुधा सोंडकिड्याची अळी असते. टोपी घट्ट चिकटून राहिलेलीही घ्यायची नाहीत. उरलेली बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवायची. सकाळी तरंगतील ती फेकायची, बुडतील ती ठेवायची. फेकण्याआधी एखादं फोडून बघण्यासारखं असतं: आत भुसा झालेला आणि त्यात इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली गुबगुबीत पांढरी अळी. ती गोल भोक पाडून बाहेर पडते आणि मातीत शिरते. रिकाम्या एकॉर्नमध्ये मग जंगलात बारीक मुंग्यांची अख्खी वसाहत संसार मांडते.

बुडालेली फळं ओलसर भुशात किंवा वाळूत घालून, पिशवीचं तोंड किंचित उघडं ठेवून, फ्रीजमध्ये दोनेक महिने. बी श्वास घेत असतं, त्यामुळे पिशवी गच्च बांधायची नाही. फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही. फ्रीजमधल्या थंडीशिवाय मात्र बीची झोप मोडत नाही. आमच्याकडे ती पिशवी लोणच्याच्या बरणीमागे होती आणि पाहुण्यांनी ती दोनदा सुपारी समजून बाहेर काढली. फेब्रुवारीत उघडून पाहिलं तर चार फळांच्या टोकाला पांढरं मूळ फुटलेलं.

इथे दुसरी चूक झाली. मी ती फळं पसरट, शोभेच्या कुंडीत लावली. ओक आधी खाली वाढतो, मग वर. मातीच्या वर काहीही दिसायच्या आधी सोटमूळ वीतभर खाली गेलेलं असतं. बीजदलं आंब्याच्या कोयीसारखी कवचातच, मातीखाली राहतात आणि तिथूनच रोपाला शिधा पुरवतात. कुंडीचा तळ लागला की मूळ वळतं आणि गोल गोल फिरायला लागतं. तसं गुंडाळलेलं मूळ जमिनीत लावल्यावरही सरळ होत नाही. पंधरा-वीस वर्षांनी तेच जाडजूड होऊन खोडाला फास लावतं. माझी रोपं त्या उन्हाळ्यात दिसायला ठीक होती, उपटून पाहिली तेव्हा मुळांची चकली झाली होती.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने सांगितलं, की अर्ध्या गॅलनचं पुठ्ठ्याचं दुधाचं खोकं घे. उंच असतं, खाली भोकं पाडता येतात, आणि जमिनीत लावताना कापून अलगद काढता येतं. फळ आडवं ठेवायचं, दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली, वर खारींसाठी जाळी. एवढंच. एप्रिलच्या शेवटी काडीसारखा लालसर कोंब वर आला आणि त्याच्या टोकाला मखमली, गुलाबी पानं उलगडली. आंब्याची पालवी आठवली.

जागा निवडताना डोळ्यांसमोर रोप नको, झाड हवं. लाल ओक ओकांमध्ये झपाट्याने वाढणारा. तरुणपणी चांगल्या जमिनीत वर्षाला दोन फूट सहज. पूर्ण वाढला की वीस ते तीस मीटर उंच आणि विस्तारही जवळजवळ तेवढाच. घरापासून पंचवीस-तीस फूट तरी लांब, वर विजेच्या तारा नकोत, ऊन भरपूर. जमीन निचऱ्याची आणि किंचित आम्ल हवी. सामू वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, मग पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. नव्या घराच्या पायाजवळ सिमेंटचा राडारोडा पुरलेला असतो तिथे हे हमखास होतं.

खड्डा रुंद खणावा, खोल नाही. मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद आणि बरोबर त्याच्याएवढाच खोल. बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत उतरतो, तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. आपल्याकडे झाड म्हटलं की सोटमुळाचं पाताळापर्यंत जाणारं चित्र डोळ्यांसमोर येतं, पण ते पहिल्या काही वर्षांपुरतं. पुढे आडवी मुळं कारभार हाती घेतात. मोठ्या ओकची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे गेलेली असतात. म्हणून बुंध्याशी पाणी ओतून फायदा कमी, आणि झाडाखाली ट्रक उभा करणं, मातीचा भर घालणं, गॅरेजसाठी खणणं हे सगळं मुळावर घाव. असा घाव बसलेला ओक लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतो, तेव्हा घरमालकाला गॅरेज आठवतही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या आठवड्यात एकदा खोलवर पाणी द्यावं. रोज सकाळी लॉनच्या फवाऱ्याने शिंपडलेलं पाणी मुळांना वरच थांबायची सवय लावतं. पहिल्या वर्षी खत नको. काठीचा आधार शक्यतो नकोच, दिला तर वर्षभरात काढावा. वाऱ्याने हलल्याशिवाय खोड जाड होत नाही.

आणि आच्छादन. इथे माझा राग निघतो. लाकडाच्या भुशाचा तीन इंच थर, बुंध्यापासून चार बोटं लांब, हे रोपासाठी अमृत. ओल टिकते, गवत दबतं, गवत कापायचं यंत्र जवळ येत नाही. पण इथल्या वसाहतींमध्ये बागकामवाले तोच भुसा बुंध्याभोवती ज्वालामुखीच्या डोंगरासारखा रचतात. आमच्याकडे आम्ही सुट्टीत भारतात गेलो असताना एकाने असा फूटभर ढीग केला. परत येऊन हाताने उकरला, तेव्हा आतली साल ओली, काळी आणि मऊ झालेली. आणखी एक मोसम तसाच गेला असता तर साल कुजली असती. नारळाला आळं करतो तसं करायला हवं: मध्ये खळगा, कडेला बांध. हे मी त्या माणसाला अमेरिकेत, इंग्रजीत, हातवारे करून समजावलं. त्याने मान डोलावली. पुढच्या वर्षी पुन्हा ढीग.

हरणं हा न्यू जर्सीतला वेगळाच अध्याय. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना ओकचा शेंडा म्हणजे कोवळा मुळा. पाच फूट उंच जाळीचा पिंजरा केला नाही तर झाड गुडघ्याच्या वर जात नाही. पण ओक चिवट असतो. शेंडा खाल्ला, जळला, मोडला तरी मुळापासून पुन्हा फुटतो. जंगलात गुडघ्याएवढ्या रोपट्याचं मूळ त्याच्या खोडाहून दहा-पंधरा वर्षांनी मोठं निघू शकतं.

छाटणीचा एकच नियम पाठ करावा: पानं नसतील तेव्हाच. तरुण झाडाला एक सरळ मुख्य शेंडा राहील एवढं पाहावं, जोडशेंडा दिसला तर त्यातला एक हिवाळ्यात काढावा. एप्रिल ते जुलै कात्री खाली. कारण आहे ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग. विस्कॉन्सिनमध्ये 1940 च्या दशकात तो ओळखला गेला. वसंतात फांदी कापली की ताज्या जखमेच्या वासाने बारीक भुंगेरे येतात आणि अंगावर बुरशी घेऊन येतात. शिवाय शेजारशेजारच्या ओकांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्या वाटेनेही रोग पसरतो. लाल ओक त्यात काही आठवड्यांत मरतो, पांढरा ओक बराच तग धरतो. का, ते लाकडात दिसतं. लाल ओकची वीतभर सरळ काडी घ्या, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि दुसऱ्यातून फुंका. बुडबुडे येतात! त्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. पांढरा ओक आपल्या नळ्या आतून बुचासारख्या फुगवट्यांनी बंद करतो, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याचीच होतात. लाल ओकचं पिंप केलं तर दारू झिरपून जाईल. अमेरिकन घरांतल्या लाकडी फरशीत मात्र लाल ओकचं राज्य आहे.

न्यू जर्सीत याहून नेहमीचं दुखणं म्हणजे पानं करपवणारा एक जिवाणूजन्य रोग. ऑगस्टच्या सुमाराला पानाची कड तपकिरी होते, आणि तपकिरी व हिरव्याच्या मध्ये पिवळी रेघ दिसते. रस शोषणारे तुडतुडे तो पसरवतात. इलाज नाही, झाड काही वर्षांत हळूहळू खंगतं. मेलेल्या फांद्या काढणं आणि दुष्काळात पाणी देणं एवढंच हातात राहतं.

स्पंजी मॉथची कथा जास्त चीड आणणारी. त्रुव्हेलो नावाच्या एका हौशी माणसाने रेशमाच्या प्रयोगासाठी 1869 च्या सुमाराला मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला युरोपातून हा पतंग आणला, अळ्या निसटल्या, आणि तेव्हापासून ईशान्य अमेरिकेतले ओक काही काही वर्षांनी निष्पर्ण होतात. एकदा पानं खाल्ली तर ओक सावरतो, लागोपाठ दोन-तीन वर्षं खाल्ली तर मरतो. हिवाळ्यात खोडावर चामड्याच्या रंगाचे अंड्यांचे मऊ पुंजके दिसले की खरवडून साबणाच्या पाण्यात टाकावेत. बाकी सुरवंटांवर मात्र फवारा मारू नये. या भागात ओकच्या पानांवर पाचशेहून जास्त जातींच्या पतंग-फुलपाखरांचे सुरवंट पोसले जातात आणि चिमण्या पाखरांची पिल्लं त्यांच्यावर वाढतात. पानावर पिंगपाँगच्या चेंडूएवढा हिरवा गोळा दिसला तरी घाबरू नये. तो फोडला तर आत कापसासारखे तंतू आणि मधोमध एका गांधीलमाशीच्या अळीची खोली. मायफळाचीच इथली चुलत बहीण. उगाळून मात्र पाहिलेली नाही.

भारतातून येणारे पाहुणे लाल पानं पाहून दोन-चार एकॉर्न खिशात टाकतात. त्यांनी तसं करू नये. परवान्याशिवाय परदेशी बियाणं भारतात नेणं नियमात बसत नाही, आणि नेलं तरी पुण्या-नाशिकची थंडी या झाडाला पुरत नाही. लाल पानांची हौस असेल तर आपला देशी बदाम आहेच, गळण्याआधी तोही असाच पेटतो.

माझा ओक आता चौथ्या वर्षात आहे, पिंजऱ्याच्या वर डोकं काढून उभा. दिवाळीत त्याची पानं मातीच्या पणतीसारखी तांबूस होतात आणि मग वाळून, तपकिरी होऊन, हिवाळाभर फांद्यांना चिकटून खुळखुळतात. लहान ओकांची ती सवयच, झाड मेलं समजून उपटू नये. पहिली फळं साधारण पंचविसाव्या वर्षी, भरपूर म्हणावीत अशी पन्नाशीनंतर. तोवर हे घर आमचं नसेल. घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये मी एक चिठ्ठी घालून ठेवली आहे: बुंध्याशी भुशाचा ढीग करू नका, एप्रिल ते जुलै फांदी कापू नका, आणि गॅरेज दुसऱ्या बाजूला बांधा.